खिडक्यांचे बिऱ्हाड

संगणकाच्या पडद्यावर एकीवर एक पसरलेल्या खिडक्या आता शाळकरी मुलांच्याही परिचयाच्या झाल्या आहेत. एक खिडकी बाजूला सारली, की तिच्याखालची दुसरी दिसू लागते. तीही सारली, की तिसरी. मेजावर कागद पसरावेत आणि हवा तो वर काढून घ्यावा, तसाच हा व्यवहार दिसतो. त्यामुळे झाकलेली खिडकी वरच्या खिडकीच्या ‘खाली’ कोठेतरी जशीच्या तशी पडून असणार, अशी आपली सहज समजूत होते. वस्तुतः पडद्याला असे थर नाहीत. तेथे आहेत ते एकाच पातळीत मांडलेले लक्षावधी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याला एका वेळी एकच रंग असू शकतो. आजचे मोठे संगणक प्रत्येक खिडकीचे संपूर्ण चित्र आपल्या स्मृतीत निराळे राखून ठेवतात हे खरे. पण ही चैन स्मृती मुबलक झाल्यानंतरची आहे. लहान यंत्रावर खिडकीचा झाकलेला भाग खाली नसतो, मागे नसतो, कोठेच नसतो. तो पुसला गेलेला असतो, आणि वरची खिडकी हलताच तो पुन्हा नव्याने काढावा लागतो.

हा आभास निर्माण करणाऱ्या आज्ञावलीला विंडोइंग सिस्टिम म्हणतात. या पुस्तिकेत आपण तिला खिडकीप्रणाली म्हणू. ती संगणकाची मुख्य सूत्रधार नव्हे. स्मृतीची वाटणी करणे, निरनिराळ्या आज्ञावल्यांना आळीपाळीने वेळ देणे, चकत्यांवरील फायली सांभाळणे ही कामे तिच्याही तळाशी असलेल्या कार्यप्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची. एका कार्यप्रणालीवर वाढलेली खिडकीप्रणाली दुसरीवर नेऊन वसविण्याच्या उद्योगाला संगणकशास्त्रज्ञ पोर्टिंग म्हणतात. आपण त्याला बिऱ्हाड हलविणे म्हटले, तर फारसे चुकणार नाही. सामान तेच आणि माणसेही तीच. घर मात्र निराळे, आणि ज्या घराची हकीकत येथे सांगावयाची आहे ते फारच लहान.

डब्ल्यू, एक्स आणि मिनी-एक्स

खिडक्यांचे माहेर म्हणजे अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीची पालो आल्टो येथील संशोधनशाळा. तेथे १९७३ साली आल्टो हा संगणक तयार झाला, आणि तेथेच १९७५ मध्ये डॅन इंगॉल्स यांनी पडद्यावरील आयताकृती भाग एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवण्याची बिटब्लिट नावाची क्रिया रचली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात पॉल ॲसेंटे आणि ब्रायन रीड यांनी ‘व्ही’ नावाच्या प्रायोगिक कार्यप्रणालीसाठी ‘डब्ल्यू’ ही खिडकीप्रणाली लिहिली. १९८३ मध्ये तिचे युनिक्स या कार्यप्रणालीवर स्थलांतर करण्यात आले. तेथे तिचा एक दोष चांगलाच जाणवू लागला. पडद्यावर काही काढण्याची आज्ञा दिली, की ती पार पडल्याचे उत्तर येईपर्यंत आज्ञावलीला ताटकळत बसावे लागे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रॉबर्ट शायफ्लर यांनी १९८४ साली हा क्रम बदलला. आज्ञा पाठवावी आणि उत्तराची वाट न पाहता पुढच्या कामाला लागावे, अशी नवी रीत त्यांनी घालून दिली. इंग्रजी वर्णमालेत डब्ल्यूनंतर येणारे अक्षर एक्स, म्हणून नव्या प्रणालीचे नाव ‘एक्स’ पडले. युनिक्सच्या जगात पुढे सर्वत्र रूढ झालेली खिडकीप्रणाली अशी एका स्थलांतरातून जन्माला आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. बिऱ्हाड हलविताना कोणते सामान निरुपयोगी आहे ते कळते. नुसते घरात बसून कळत नाही.

एक्स ही दणकट यंत्रांसाठी होती. लहान यंत्रांचा मार्ग निराळा झाला. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी मिनिक्स ही छोटी कार्यप्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यासाठी डेव्हिड बेल यांनी १९९१ साली ‘मिनी-एक्स’ लिहिली. तीत एक्समधील मुख्य कल्पना होत्या, पसारा नव्हता. या मिनी-एक्सचे बीज पुढे अनेक हातांतून गेले. ॲलन कॉक्स यांनी ते लिनक्सवर आणले, आणि १९९९ पासून ग्रेग हेअर यांनी त्यातून ‘मायक्रोविंडोज’ ही प्रणाली वाढविली. ‘विंडोज’ या शब्दावर मायक्रोसॉफ्ट कंपनीचे व्यापारचिन्ह असल्यामुळे पुढे तिचे नाव बदलून ‘नॅनो-एक्स’ ठेवण्यात आले.

ज्या घरी तिला जावयाचे होते त्याचे नाव एल्क्स. लिनक्स ही १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेली कार्यप्रणाली ३८६ या प्रक्रियकासाठी लिहिली गेली होती. त्याहून जुन्या यंत्रांवर ती चालत नसे. ॲलन कॉक्स यांनी १९९५ साली तिचा एक लहान उपसंच जुन्या ८०८६ जातीच्या प्रक्रियकांसाठी करावयास घेतला, तोच एल्क्स. जी यंत्रे तोपर्यंत अडगळीत गेली होती, त्यांवर एका वेळी अनेक आज्ञावल्या चालविणारी व ज्ञात रीतीने वागणारी कार्यप्रणाली त्यामुळे उपलब्ध झाली. पण पडदा मात्र अक्षरांचाच होता.

घर केवढे?

८०८६ हा प्रक्रियक १९७८ चा. त्याच्या प्रत्येक नोंदकोशात १६ बिटे मावतात. म्हणजे ० पासून ६५,५३५ पर्यंतचे आकडे. स्मृतीतील जागांना पत्ते द्यावयाचे तर एवढ्या आकड्यांनी ६५,५३६ बाइटांचाच, म्हणजे ६४ किलोबाइटांचाच प्रदेश पुरा होतो. प्रक्रियकाची एकंदर पोच मात्र १०,४८,५७६ बाइटांची आहे. ही विसंगती मिटविण्यासाठी स्मृतीचे ६४-६४ किलोबाइटांचे खंड कल्पून ‘अमक्या खंडातील अमकी जागा’ असा दुहेरी पत्ता देण्याची युक्ती योजलेली आहे. आरंभीच्या एल्क्समध्ये सामान्य आज्ञावलीच्या वाट्याला आज्ञांसाठी एक आणि माहितीसाठी एक, असे दोन खंड येत. त्यांबाहेर हातपाय पसरावयाला जागा नाही.

आता पडद्याचा हिशेब करू. १९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीत पडद्यावर आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके असतात, एकूण ३,०७,२००. सोळा रंगांपैकी एक सांगण्यासाठी प्रत्येक ठिपक्याला ४ बिटे लागतात. म्हणजे पडद्याच्या एका चित्राला १,५३,६०० बाइट हवेत. माहितीचा संपूर्ण खंड रिकामा करून दिला तरी त्यात अर्ध्या पडद्याचीदेखील प्रत मावत नाही. मग पाच-सहा खिडक्यांची चित्रे राखून ठेवण्याची गोष्टच नको. आरंभी जे विधान केले, की झाकलेला भाग कोठेच नसतो, ते लहान यंत्रावर का अटळ आहे, हे या एका गुणाकारावरून स्पष्ट व्हावे.

आणखी एक गुणाकार असाच बोधप्रद आहे. मोठ्या यंत्रांवर ६४० ला ४८० ने गुणले, की ३,०७,२०० हे उत्तर मिळते. पण १६ बिटांच्या पूर्णांकात हे उत्तर मावत नाही. चार वेळा ६५,५३६ सांडून जातात आणि उरतात ४५,०५६. आणि ऋण आकडे ओळखण्याची सोय असलेल्या रीतीने ते वाचले, तर उत्तर येते उणे २०,४८०. आज्ञावली कोठेही तक्रार करीत नाही. ती निमूटपणे उणे वीस हजार ठिपक्यांचा पडदा धरून चालते. मोठ्या यंत्रावर वर्षानुवर्षे निर्दोष चाललेल्या आज्ञावलीत अशा किती जागा दडलेल्या आहेत, हे ती लहान यंत्रावर नेईपर्यंत लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. स्थलांतर करणाऱ्याचा बराच काळ नवे लिहिण्यात जात नाही. असे गृहीत धरलेले आकडे हुडकण्यात जातो.

तीन मजले

नॅनो-एक्सची रचना तीन मजल्यांची आहे. तळमजल्यावर पडदा, माउस आणि कळफलक यांचे चालक, ज्यांना ड्रायव्हर म्हणतात. मधल्या मजल्यावर रेषा, आयत, अक्षरे काढणारे आणि खिडक्यांच्या कडा सांभाळणारे चित्रयंत्र. वरच्या मजल्यावर आज्ञावली लिहिणाऱ्यासाठी ठेवलेली कार्यांची यादी: खिडकी उघड, रेषा काढ, घटनेची वाट पाहा. यंत्र बदलले की तळमजला बदलतो. मधला मजला, तत्त्वतः, बदलत नाही.

हे वाचताना सोपे वाटते. खरे कौशल्य आहे ते मजल्यांमधील तक्तपोशी कोठे घालावी, यात. तळमजला फार मोठा केला, तर प्रत्येक नव्या यंत्रासाठी फार लिहावे लागेल. फार लहान केला, तर मधल्या मजल्याला यंत्राची गती वापरता येणार नाही. नॅनो-एक्सच्या कर्त्यांनी पडद्याच्या चालकाकडून मागितलेल्या मूलभूत गोष्टी चारच आहेत: एक ठिपका काढणे, एक ठिपका वाचणे, आडवी रेषा काढणे आणि उभी रेषा काढणे. तिरपी रेषा, वर्तुळ, अक्षर, हे सारे वरचे लोक या चार क्रियांतून निभावून नेतात. तिरप्या रेषेसाठी जॅक ब्रेझेनहॅम यांनी १९६२ साली शोधलेली आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली रीत उपयोगी पडते. तीत अपूर्णांक लागत नाहीत, केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पुरते. अपूर्णांकांचे गणित स्वतः न येणाऱ्या ८०८६ ला हे फारच मानवते.

ठिपका येत असता आडवी रेषा वेगळी का मागावी? त्याचे उत्तर व्हीजीएच्या अंतरंगात आहे. या पद्धतीत पडद्याची स्मृती चार पटलांत विभागलेली असते. प्रत्येक ठिपक्याच्या चार बिटांपैकी एकेक बिट एकेका पटलात राहते. एका पटलाचे बाइट होतात ३८,४००. म्हणजे तो ६४ किलोबाइटांच्या एका खंडात सुखाने मावतो. चारही पटलांचा पत्ता एकच, आणि कोणते पटल उघडे आणि कोणते बंद हे काही नियंत्रक नोंदकोशांत सांगावयाचे असते. पडद्याच्या एका ओळीला ८० बाइट लागतात. समजा, डावीकडून १०० वा आणि वरून ५० व्या ओळीतील ठिपका रंगवावयाचा आहे, आणि मोजणी शून्यापासून आहे. ५० गुणिले ८० म्हणजे ४,०००. १०० ला ८ ने भागून १२, बाकी ४. म्हणून ४,०१२ व्या बाइटातील डावीकडून पाचवे बिट आपले. पण बाइटातील इतर सात ठिपक्यांना धक्का लागता कामा नये. यासाठी आधी तो बाइट वाचावा लागतो, म्हणजे चारही पटलांतील जुन्या बिटांची नोंद व्हीजीए आपल्या जवळ घेते, आणि मग लिहिताना फक्त पाचवे बिट बदलून बाकीची परत ठेवते. एका ठिपक्यासाठी एवढा खटाटोप! आडव्या रेषेत मात्र आठ-आठ ठिपके एका फटक्यात रंगतात. पडद्याच्या पूर्ण रुंदीची रेषा ६४० वेळा ठिपका काढून होईल, तीच ८० लिखाणांत होते. रिकामी खिडकी रंगविणे म्हणजे आडव्या रेषा एकीखाली एक काढणेच असल्यामुळे, हा फरक थेट डोळ्यांना दिसतो.

एल्क्सवर येथेच एक अडचण उभी राहिली. पडद्याची स्मृती आज्ञावलीच्या स्वतःच्या खंडांबाहेर असते. आणि त्या वेळी वापरात असलेल्या, ब्रूस इव्हान्स यांनी लिहिलेल्या सी भाषेच्या कंपायलरला बाहेरच्या खंडाचा दुहेरी पत्ता लिहिताच येत नसे. भाषेत शब्दच नाही, म्हणावे तरी कसे? भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. येथे उपाय एवढाच, की चालकाचा तेवढा भाग यंत्राच्या अगदी जवळच्या असेम्ब्ली भाषेत लिहावयाचा. उलट एका बाबतीत लहान घर सोयीचेही ठरले. मोठ्या कार्यप्रणालीत सामान्य आज्ञावलीला पडद्याच्या स्मृतीला हात लावू दिला जात नाही, त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. ८०८६ मध्ये एका आज्ञावलीपासून दुसरीचे रक्षण करणारी यंत्रणाच नाही. दाराला कडीच नाही, तेव्हा किल्ली मागण्याचाही प्रश्न नाही. अर्थात चोरालाही तो नाही, हे वेगळे सांगावयास नको.

कातरकाम

खिडकीप्रणालीचे मर्म मात्र रेषा काढण्यात नाही. कोठे काढावयाचे नाही हे ठरविण्यात ते आहे. एखाद्या खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर दुसरी खिडकी आली, तर पहिलीचा दिसणारा भाग आयत राहत नाही; काटकोनात वळलेला होतो, आणि तो दोन आयतांत विभागावा लागतो. मध्यभागी एखादी छोटी खिडकी बसली, तर चार आयत होतात. झाकलेल्या खिडकीची मालक आज्ञावली यातील काहीच जाणत नाही. ती आपली ‘या टोकापासून त्या टोकापर्यंत रेषा काढ’ असे सांगून मोकळी होते. त्या रेषेचा कोणता तुकडा दिसू द्यावयाचा, हे मधला मजला ठरवितो. कापडावर खडूने आखून कातरावे तसे हे काम आहे.

सरळ विचार केला, तर प्रत्येक ठिपक्यासाठी विचारावे लागेल: हा कोणत्या आयतात पडतो? ६४० ठिपक्यांच्या रेषेसाठी ६४० प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नासाठी सर्व आयत तपासणे. ८०८६ च्या गतीला हे झेपणार नाही. बेल यांच्या मिनी-एक्समध्ये यावर एक सुरेख तोड आहे, आणि नॅनो-एक्सला ती वारशाने मिळाली. एका ठिपक्याविषयी प्रश्न विचारला, की उत्तर केवळ ‘दिसतो’ किंवा ‘दिसत नाही’ एवढेच मिळत नाही. ज्या आयताच्या आत तेच उत्तर खरे राहील तो आयतही जवळ नोंदून ठेवला जातो. त्यामुळे आडवी रेषा काढताना पहिल्या ठिपक्याची चौकशी केली, की त्या आयताच्या कडेपर्यंतचा सारा तुकडा एकदम काढता येतो किंवा एकदम सोडून देता येतो. पुढची चौकशी कडेपाशी. संपूर्ण रेषा एकाच आयतात असेल, तर एकच प्रश्न पुरतो. अक्षरांच्या ओळी, चौकटी, रंगविलेले पृष्ठभाग हे बहुधा एकमेकांलगत काढले जातात, म्हणून मागील उत्तर पुढेही पुष्कळदा कामी येते. मला विचाराल तर या साऱ्या प्रणालीत कौतुक करण्याजोगी जागा हीच. तिला जादा स्मृती म्हणून लागते ती एका आयताच्या चार कडांपुरती.

आता वरची खिडकी बाजूला होते. उघड्या पडलेल्या जागेवर काय असावयास हवे? प्रणालीला ते ठाऊक नाही. तिने ते राखलेलेच नाही. ती मालक आज्ञावलीला निरोप पाठविते, की तुझ्या खिडकीचा एवढा आयत उघडा पडला आहे, तो भरून दे. या निरोपाला इंग्रजीत एक्स्पोज म्हणतात. मालक आज्ञावली आपले चित्र पुन्हा काढू लागते आणि कातरकामामुळे त्यातील हवा तेवढाच भाग पडद्यावर उमटतो. स्मृतीची बचत अशी श्रमाने भरून काढली जाते. एखादी आज्ञावली दुसऱ्याच कामात गुंतली असेल, तर तिची खिडकी काही क्षण पांढरीफटक राहते. जुन्या संगणकांवर काम केलेल्या मंडळींना हे दृश्य आठवत असेल. त्या वेळी यंत्र बिघडले नव्हते, आठवण देणाऱ्याची वाट पाहत होते.

या नियमाला एक अपवाद आहे, तो माउसच्या बाणाचा. बाण सतत हिंडतो; त्याच्या प्रत्येक हालचालीसरशी खालच्या खिडकीला ‘पुन्हा काढ’ म्हणून सांगणे परवडणार नाही. म्हणून त्याच्या खालचे ठिपके मात्र जपून ठेवतात. सोळा गुणिले सोळा, म्हणजे २५६ ठिपके. एवढे लहान घरालाही पेलते. मात्र बाणाच्या जागी काही काढावयाचे झाले, तर आधी बाण उचलावयाचा, खालचे मूळ ठिपके परत ठेवावयाचे, चित्र काढावयाचे, आणि मग नवे ठिपके जपून बाण पुन्हा मांडावयाचा. हा क्रम चुकला, की पडद्यावर बाणाची भुते उरतात.

माउसची स्वतःची हकीकतही गमतीची आहे. जुना माउस संगणकाच्या क्रमिक जोडणीला लावलेला असे आणि सेकंदाला १,२०० बिटे या मंद गतीने बोले. प्रत्येक हालचाल तो तीन बाइटांत सांगतो: बटणांची स्थिती, आडवे सरकणे, उभे सरकणे. आज्ञावलीने ऐकावयास सुरुवात केली ती नेमकी दुसऱ्या बाइटापासून, तर? बटणाच्या जागी अंतर आणि अंतराच्या जागी बटण वाचले जाईल आणि बाण पडद्यावर सैरावैरा धावू लागेल. यासाठी तिघांपैकी पहिल्या बाइटाच्या एका ठरावीक बिटात १ ठेवतात, उरलेल्या दोघांत त्या जागी ०. चालकाने ती खूण दिसेपर्यंत येईल ते टाकून द्यावे, एवढाच नियम.

काय मागे ठेवले

एक्सची मोठी ओळख अशी, की पडदा सांभाळणारा सर्व्हर आणि खिडक्या वापरणाऱ्या आज्ञावल्या या स्वतंत्र असतात. त्या एकमेकांशी निरोपांनी बोलतात, मग त्या एकाच संगणकावर असोत की दूर अंतरावरच्या दोन संगणकांवर. नॅनो-एक्सलाही हे येते. परंतु एल्क्सवर आणताना ही सोय सोडून द्यावी लागली. तेथे सर्व्हर आणि आज्ञावली एकत्र जोडून एकच आज्ञावली बनवितात. मोठ्या घरी ‘रेषा काढ’ या कार्याने निरोप बांधून पाठवावयाचा. लहान घरी त्याच नावाच्या कार्याने सरळ आत जाऊन रेषा काढावयाची. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने शब्द तोच राहिला, म्हणून त्याची आज्ञावली बदलावी लागली नाही. किंमत पडली ती अशी: निरनिराळ्या आज्ञावल्यांनी एकाच पडद्यावर शेजारी नांदणे गेले, आणि आज्ञावली कोसळली तर पडदा सांभाळणाराही तिच्याबरोबर जाऊ लागला. खिडक्या उरल्या, शेजार उरला नाही. काही जण म्हणतील, की मग ही खिडकीप्रणाली कसली? मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. कातरकाम, झाकणे-उघडणे, घटनांची वाट पाहणे हे सारे अंग शाबूत राहिले. गेले ते दळणवळण. कर्त्यांच्या सांगण्याप्रमाणे पडदा, माउस व कळफलक यांच्या चालकांसह ही संपूर्ण प्रणाली ६४ किलोबाइटांहून कमी जागेत चालते.

मधल्या मजल्याची खरी परीक्षा पुढे अगदी निराळ्या यंत्रांवर झाली. २००० च्या दशकात काही हौशी तंत्रज्ञांनी खिशात मावणाऱ्या आयपॉड या गाण्यांच्या यंत्रावर लिनक्स चढविले, तेव्हा त्याच्या १६० गुणिले १२८ ठिपक्यांच्या करड्या पडद्यासाठी त्यांनी हीच प्रणाली वापरली. तेथे माउस नव्हता, कळफलकही नव्हता; होते ते बोटाने फिरवावयाचे एक चक्र. तळमजला नवा लिहिला, वरचे दोन मजले राहिले.

आपल्या लिपीच्या वाचकाला मात्र मधल्या मजल्यात एक उणीव दिसल्यावाचून राहणार नाही. तेथील साधे अक्षरलेखन असे चालते: एक संकेतांक घ्यावा, तक्त्यातून त्याची आकृती उचलावी, पडद्यावर ठेवावी, उजवीकडे सरकावे. इंग्रजीला हे पुरते. ८ गुणिले १६ ठिपक्यांच्या २५६ आकृत्या ४,०९६ बाइटांत बसतात. आता ‘खिडकी’ हाच शब्द घ्या. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेल्या इस्की या मानकात, आणि आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडमध्येही, त्याचे संकेतांक उच्चाराच्या क्रमाने साठवितात: ख, ऱ्हस्व वेलांटी, ड, क, दीर्घ वेलांटी. पण लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ख च्या आधी काढावी लागते. साध्या रीतीने चालणारी प्रणाली ख काढील, त्यानंतर वेलांटी काढील, आणि ती वेलांटी पुढच्या ड वर वाकेल. पडद्यावर उमटेल ‘खडिकी’. जोडाक्षरांचा प्रश्न याहून पुढचा. ‘खिडक्या’ या अनेकवचनात अर्धा क हवा, आणि त्याला स्वतंत्र संकेतांक नाही.

८०८६ च्याच काळात आपल्याकडे याचे उत्तर यंत्राच्या बाजूने दिले गेले. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये विकसित झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेलेले जिस्ट तंत्र एका जादा कार्डाच्या रूपाने संगणकात बसवीत, आणि आकृत्या जुळविण्याचे काम ते कार्ड करी. प्रक्रियकाची स्मृती त्यासाठी खर्ची पडत नसे. कार्डाशिवाय तेच काम नॅनो-एक्सच्या मधल्या आणि वरच्या मजल्यांच्या मध्ये करावयाचे, तर हिशेब असा होतो: अर्धी अक्षरे व जोडाक्षरे धरून तीनशे आकृत्या मानल्या आणि प्रत्येकीला १६ गुणिले १६ ठिपके, म्हणजे ३२ बाइट दिले, तर तक्त्यालाच ९,६०० बाइट लागतील. शिवाय वेलांटी मागे घेण्याचे आणि जोडाक्षर ओळखण्याचे नियम निराळे. माहितीच्या खंडाचा सुमारे सातवा हिस्सा त्या तक्त्यात जाईल, आणि तेवढी जागा अन्य सामानातून काढावी लागेल.